नावे घेऊन केलेली प्रार्थना

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत मध्यस्थीच्या प्रार्थनेची वेळ आली की देशासाठी, राज्यकर्त्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी आणि शेवटी 'जगात जिथे जिथे अशांती आहे तिथे' शांती नांदावी म्हणून एका दमात मागणी केली जाते आणि लगेच दानार्पणाचे गीत सुरू होते. या पद्धतीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मीही ती प्रार्थना कितीतरी रविवारी चालवली आहे. मात्र नागा मंडळ्यांचा इतिहास वाचू लागल्यापासून, आणि पुढे दिमापूर व कोहिमा या भागात काही काळ राहण्याचा योग आल्यापासून, त्या मोघम मागणीने माझे समाधान होत नाही. तेथील मंडळ्यांना मोघम प्रार्थनेची सोयच नव्हती. मारणारा आणि मारला गेलेला या दोघांचीही नावे कित्येकदा एकाच मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या वहीत असत, दोघांच्या आया एकाच उपासनेला येत आणि दफनविधीला उभा राहणारा पाळकही तोच असे. अशा ठिकाणी 'प्रभू, शांती दे' एवढे म्हणून बाकावर बसता येत नाही, कारण शांती कोणाकोणात हवी आहे हे सर्वांना ठाऊक असते.

नागालँडविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा दोनच प्रकारांनी. मिशनच्या सभांत ते 'शिरे कापणाऱ्या जमाती ख्रिस्ताकडे आल्या' या विजयकथेच्या रूपाने येते आणि वर्तमानपत्रांत बंडखोरीच्या बातमीच्या रूपाने. या दोन्ही गोष्टी एकाच समाजाच्या आहेत आणि एकाच काळात घडत होत्या, हे क्वचितच कोणी सांगते. २०११ च्या जनगणनेनुसार ज्या राज्यातील सुमारे ८८ टक्के लोक ख्रिस्ती आहेत, त्याच राज्यात अनेक दशके माणसे माणसांना ओळखून, गाव आणि गट विचारून मारीत होती. मिशनचे काम यशस्वी झाले असे म्हणणाऱ्याला या प्रश्नाला सामोरे जावेच लागते.

सुरुवात १८७२ ची धरतात. आसामातील शिवसागर येथे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनची छपाई सांभाळण्यासाठी आलेले एडविन क्लार्क डोंगराकडे पाहत होते खरे, पण डोंगर प्रथम चढला तो गोधुला नावाचा आसामी सुवार्तिक. आओ नागांच्या मोलुंगकिमोंग गावाने त्याला सरकारचा हेर समजून काही दिवस पहाऱ्यात ठेवले. तो तेथेच गीते गात राहिला आणि अखेरीस लोक ऐकू लागले, असे तेथील मंडळ्या आजही सांगतात. त्याने आणलेल्या नऊ जणांचा बाप्तिस्मा १० नोव्हेंबर १८७२ रोजी झाला आणि डिसेंबरात क्लार्क स्वतः वर गेले. मिशनच्या इतिहासात गोऱ्या मिशनऱ्याचे नाव ठळक आणि एतद्देशीय सुवार्तिकाचे नाव तळटीपेत, हा प्रकार आपल्या महाराष्ट्रातही पुष्कळ झाला आहे. नागा मंडळ्यांनी मात्र गोधुलाला निदान विसरू दिलेले नाही.

मला या कथेतील त्यानंतरचा प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. नव्या विश्वासणाऱ्यांनी शेजारच्या गावांवरील हल्ल्यांत आणि त्याला जोडलेल्या विधींत भाग घेण्याचे नाकारले तेव्हा गावात तेढ वाढली. जो लढायला येत नाही तो गावाच्या संरक्षणावर फुकट जगतो, असा जुन्या लोकांचा आक्षेप होता आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर तो चुकीचाही नव्हता. शेवटी १८७६ मध्ये क्लार्क आणि काही कुटुंबे बाहेर पडली आणि त्यांनी मोलुंगयिमसेन हे नवे गाव वसवले. तटबंदी असलेल्या, सदैव सावध असलेल्या मुलखात हल्ला करणार नाही असे जाहीर करून राहणारे गाव वसवणे हे साधे धाडस नव्हते. नागा मंडळीचा पायाच असा शस्त्र नाकारण्यात आहे. पुढे जे झाले ते पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण राजकीय इतिहास हा माझा विषय नाही. अंगामी झापू फिझो यांच्या नागा नॅशनल कौन्सिलने १४ ऑगस्ट १९४७ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले, १९५१ मध्ये स्वतःचे सार्वमत घेतले, आणि पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून सशस्त्र संघर्ष पेटला. भारतीय सैन्य आले, गावे जळाली, लोक रानात गेले, आणि १९५८ मध्ये सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा झाला, जो त्या भागात वेगवेगळ्या स्वरूपात आजही चालू आहे. परदेशी मिशनऱ्यांना त्याच दशकात परत जावे लागले. त्यामुळे या संकटाला तोंड दिले ते नागा पाळकांनी, डीकनांनी (म्हणजे मंडळीच्या निवडलेल्या सेवकांनी) आणि स्त्रियांनी. माझ्या मते हे एका अर्थी बरेच झाले, कारण बाहेरच्या माणसाने सांगितलेली शांती त्या दिवसांत कोणी ऐकून घेतली नसती.

या काळात प्रार्थनेला दोन वाटा फुटल्या. एक वाट घोषणेची होती. नागालँड ख्रिस्तासाठी, असे म्हणत शस्त्र हाती घेतलेले तरुण रानातल्या तळांवर उपासना करीत, उपास करीत, मोहिमेवर निघण्यापूर्वी प्रार्थना करीत. त्यांच्या भक्तीविषयी शंका घेण्याचे मला कारण नाही. नागा नॅशनल कौन्सिलमधून फुटून १९८० मध्ये निघालेल्या नॅशनल सोशलिस्ट कौन्सिल ऑफ नागालँडचे एक संस्थापक इसाक चिशी स्वू हे तर प्रार्थनाशील म्हणूनच ओळखले जात. पण या वाटेवरची प्रार्थना शत्रूपर्यंत पोहोचतच नाही. ती आपल्याच बाजूला बळ मागते. १९८८ मध्ये हीच संघटना आपापल्या नेत्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इसाक-मुइवा आणि खापलांग अशा दोन गटांत फुटली आणि मोठा रक्तपात झाला, तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक त्याच ख्रिस्ताच्या नावाने प्रार्थना करणारे होते.

दुसरी वाट कामाची होती, आणि तिचा पहिला मोठा टप्पा १९६४ चा. नागालँड राज्य होऊन दोन महिनेच झाले होते. जानेवारीच्या अखेरीस वोखा येथे नागालँड बॅप्टिस्ट चर्च कौन्सिलचे अधिवेशन भरले. हजारो लोक जमले होते. तेथे प्रार्थना झाली हे सांगायला नको. पण त्या प्रार्थनेतून निघाला तो एक ठराव, आणि त्या ठरावात नावे होती. भारत सरकार आणि भूमिगत नागा यांच्यात बोलणी घडवून आणण्यासाठी कौन्सिलने जयप्रकाश नारायण, शंकरराव देव आणि इंग्लिश पाद्री मायकेल स्कॉट यांच्या सेवा मागितल्या. मराठी वाचकाने येथे थोडे थांबावे. शंकरराव देव म्हणजे आपले भोर संस्थानातले, महाराष्ट्र काँग्रेसचे आणि नंतर सर्वोदयाचे कार्यकर्ते; नुकतीच त्यांच्या नेतृत्वाखाली दिल्ली-पेकिंग मैत्रीयात्रा पायी आसामपर्यंत गेली होती. नागा बॅप्टिस्टांनी आपल्या मुलांचे प्राण वाचवण्यासाठी एका मराठी गांधीवाद्याचे नाव घ्यावे, ही आपल्याकडे जवळजवळ कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट आहे. प्रत्यक्षात देव त्या मंडळात आले नाहीत. जयप्रकाश, स्कॉट आणि आसामचे मुख्यमंत्री बिमला प्रसाद चालिहा अशा तिघांचे शांतिमंडळ झाले.

त्या निवडीकडे नीट पाहिले म्हणजे कौन्सिलची बुद्धी दिसते. जयप्रकाश ख्रिस्ती नव्हते, पण दिल्ली त्यांचा शब्द टाळू शकत नव्हती. स्कॉट हे दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषाविरुद्ध लढलेले धर्मगुरू होते आणि फिझो लंडनला पोहोचले ते त्यांच्याच मदतीने. म्हणून भूमिगतांचा त्यांच्यावर विश्वास होता आणि म्हणूनच सरकारला ते खुपत होते. चालिहा शेजारच्या राज्याची सत्ता चालवणारे. तिन्ही माणसे वेगवेगळ्या लोकांना नकोशी होती, आणि मध्यस्थ म्हणून उपयोगी पडतात ती बहुधा अशीच माणसे. आपला धर्मबंधू शोधण्याऐवजी उपयोगी पडेल असा माणूस शोधणे, हे मंडळीला सहसा जमत नाही. नागा मंडळीला ते त्या वेळी जमले.

युद्धविराम ६ सप्टेंबर १९६४ पासून लागू झाला. तो रविवार होता आणि गावोगावच्या मंडळ्यांत उपकारस्तुतीच्या उपासना झाल्या. कित्येक वर्षांनी लोक रात्रीच्या वेळी भीती न बाळगता घराबाहेर पडले, असे त्या दिवसांविषयी वृद्ध माणसे सांगतात. पुढची बोलणी मात्र फळली नाहीत. नागांनी स्वेच्छेने भारतीय संघराज्यात सहभागी व्हावे आणि सरकारने त्यांच्या संबंधांचे स्वरूप त्यांना पटेल असे ठेवावे, अशी शांतिमंडळाची सूचना होती. ती कोणत्याच बाजूला पूर्ण पटली नाही. १९६६ मध्ये जयप्रकाशांनी राजीनामा दिला, स्कॉट यांना देशाबाहेर काढण्यात आले आणि मंडळ मोडले. इंदिरा गांधी यांच्याशी झालेल्या चर्चेच्या फेऱ्याही निष्फळ ठरल्या आणि १९७२ मध्ये युद्धविराम संपला.

याला अपयश म्हणणारे पुष्कळ आहेत. मी म्हणत नाही. आठ वर्षे ज्या घरांतील मुले जिवंत राहिली त्या घरांना विचारल्याशिवाय तो निवाडा देता येणार नाही. शिवाय शांतिमंडळ मोडल्यावरही काम थांबले नाही. तमिळनाडूतून आलेले एम. आराम हे कोहिमात शांती केंद्र चालवीत राहिले आणि नागा बाजूने रेव्हरंड लोंगरी आओ यांच्यासारखे पाळक. लोंगरी आओ हे १९५० पासून कोन्याक नागांमध्ये मिशनरी म्हणून राहिले होते, जेथे शिरे कापण्याची प्रथा तेव्हाही पूर्णपणे संपलेली नव्हती. एका नागा जमातीचा माणूस दुसऱ्या, एके काळी वैरी असलेल्या जमातीत सुवार्ता घेऊन जातो, तिची भाषा शिकतो, आणि नंतर तोच माणूस सरकार व भूमिगत यांच्यामधून चालत राहतो, या दोन कामांत मला फरक दिसत नाही. भूमिगतांपैकी काहींनी सरकारशी केलेला १९७५ चा शिलाँग करार घडवण्यातही चर्चची माणसे होती. त्या कराराने भूमिगत चळवळीत फूट पडली आणि पुढची वीस-तीस वर्षे नागांनीच नागांना मारले, हेही त्याच हिशेबात लिहावे लागते.

दिमापूरच्या एका वस्तीतले प्रार्थनाघर मी पाहिले ते या भाऊबंदकीचा जोर ओसरल्यानंतरच्या काळात. पत्र्याचे छप्पर, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती आणि आत उपास करणाऱ्यांसाठी एकेका माणसापुरत्या छोट्या खोल्या. प्रत्येकीत एक चटई, एक उशी आणि खिळ्याला टांगलेली दिनदर्शिका. आठवड्यातून एकदा स्त्रिया दिवसभर उपास करून जमत. पुढे टेबलावर एक जाड वही होती, आपल्याकडे दुकानात उधारीची असते तशी, तांबड्या कापडी पाठीची. तिच्यात प्रार्थनेचे विषय लिहिलेले असत. मला तेथे नेणाऱ्या मित्राने रकाने समजावून सांगितले: तारीख, कोणी विनंती केली, कोणासाठी, आणि चौथ्या रकान्यात मंडळीतून कोण भेटायला गेले. हा चौथा रकाना जोवर रिकामा असे तोवर तो विषय पुढच्या आठवड्यात पुन्हा वाचला जाई. मागील पानांवर दोन्ही गटांतील मुलांची नावे होती, एकाखाली एक, आणि गटाचे नाव कुठेच लिहिलेले नव्हते. विचारले तेव्हा वही सांभाळणाऱ्या बाईंनी सांगितले की गट लिहिला तर वही धोक्याची होते. मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, गट तर सगळ्यांना ठाऊकच असतो, लिहायचे कशाला?

त्यांनाच मी भीत भीत विचारले की लष्करातल्या जवानांसाठी तुम्ही कधी प्रार्थना केली का. मित्राने प्रश्न नागामीजमध्ये, म्हणजे तेथील जमातींच्या सामायिक बोलीत, सांगितला. त्या लगेच म्हणाल्या, हो, नेहमी. देवा, या मुलांना त्यांच्या त्यांच्या घरी सुखरूप पोहोचव, अशी. बाकीच्या बायका हसल्या आणि मलाही ते हसू समजले.

परत आल्यावर आमच्या मंडळीतल्या एका निवृत्त हवालदार काकांना मी हे सांगितले. नव्वदीच्या दशकात ते नागालँडात होते. आपल्या सातारा-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांतून माणसे तिकडे तैनातीवर जाऊन आली आहेत, पण त्याविषयी ती फारशी बोलत नाहीत. काका आधी जोराने हसले. "म्हणजे निघून जा, असंच ना रे ते!" मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "मी पण रोज रात्री तेच मागत होतो." यापुढे त्यांनी काही सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

स्त्रियांचे काम प्रार्थनाघरापुरते नव्हते. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या नागा मदर्स असोसिएशनने १९९४ पासून आता रक्त सांडू नका अशी मोहीम चालवली. या स्त्रिया गटांच्या तळांवर चालत गेल्या आणि नेत्यांशी बोलल्या. त्यांना अडवणे कठीण होते, कारण नागा समाजात लढाईच्या मध्ये उभी राहणारी वडीलधारी स्त्री ही जुनी ओळखीची गोष्ट आहे आणि शिवाय यांतील प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या मंडळीच्या महिला विभागात होती. जमातीचा जुना संकेत आणि मंडळीची ओळख, दोन्ही त्यांच्या पदरात होते. याउलट, ज्या नागा चर्चमध्ये हे सगळे काम स्त्रियांनी केले त्याच चर्चच्या व्यासपीठांवर आणि गावांच्या सभांत निर्णय घेताना त्यांना फारच थोडी जागा मिळाली, हे मला खटकते, आणि तेथील स्त्रियांनाही खटकते.

१९९७ मध्ये इसाक-मुइवा गट आणि भारत सरकार यांच्यात युद्धविराम झाला, तरी गटागटांतील हत्या थांबल्या नाहीत. २००७-०८ मध्ये दिमापूर परिसरात त्या इतक्या वाढल्या की भरवस्तीत गोळीबार होऊ लागला. फेब्रुवारी २००८ मध्ये दिमापूरला शांती अधिवेशन भरले आणि त्यातून फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन, म्हणजे समेटासाठीचे नागा व्यासपीठ, उभे राहिले. त्याचे निमंत्रक रेव्हरंड वाती आयर हे धर्मशास्त्राचे प्राध्यापक आणि सेमिनरीचे, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाचे, प्राचार्य. सेमिनरीचा प्राचार्य बंडखोर नेत्यांच्या बैठका जुळवतो आहे हे आपल्याकडे कल्पनेतही येणार नाही. आपल्या सेमिनरीतून फार तर निवेदन निघते.

त्यांच्या कामाची पद्धत सांगण्यासारखी आहे. नागालँडात कोणत्याही गटाला दुसऱ्याच्या भागात येणे जिवावरचे होते, म्हणून बैठका थायलंडमधील चिआंग माई येथे घेतल्या. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाची मंडळी आणि अमेरिका-ब्रिटनमधील बॅप्टिस्ट यांनी त्यासाठी साहाय्य केले, परंतु बोलायचे ते नागांनीच. तेथे गटांची माणसे एकत्र जेवत, एकत्र प्रार्थना करीत आणि मग टेबलावर बसत. अनेकांनी एकमेकांना त्यापूर्वी पाहिले होते ते बंदुकीच्या नळीवरून. त्याच वर्षी कोहिमात भूमिगत गटांच्या माणसांचा एकच संघ करून नागरी समाजाच्या संघाशी फुटबॉलचा सामना खेळवला गेला. हे वाचताना मला प्रथम थोडा पोरखेळ वाटला. पण एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या माणसांना एकाच रंगाचा सदरा घालून एकमेकांकडे चेंडू द्यायला लावणे, ही काही पोरकट युक्ती नाही, आणि ती एखाद्या चांगल्या रविवार-शाळेच्या शिक्षकालाच सुचू शकते.

१३ जून २००९ रोजी समेटाच्या करारावर इसाक स्वू, खापलांग आणि नागा नॅशनल कौन्सिलच्या बाजूने ब्रिगेडियर सिंगन्या यांच्या सह्या झाल्या. त्याला त्यांनी 'कव्हेनंट' म्हटले, पवित्र शास्त्रातल्या करारासाठी जो शब्द आहे तोच. पुढे मार्च २०१४ मध्ये गटांनी पुन्हा एकदा दिमापूरला समेटाच्या कागदावर सह्या केल्या. तेव्हा लेंटचे, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपासकाळाचे, दिवस चालू होते आणि त्या कराराला नावही त्यावरूनच पडले. मध्यंतरी खापलांग गट फुटला होता, २०१५ मध्ये भारत सरकार आणि इसाक-मुइवा गट यांच्यात आराखडा करार झाला, स्वू २०१६ मध्ये आणि खापलांग २०१७ मध्ये वारले. सप्टेंबर २०२२ मध्येही याच व्यासपीठाच्या पुढाकाराने उरलेल्या गटांनी एकत्र काम करण्याचे लिहून दिले. इतक्या वेळा लिहून द्यावे लागते याचाच अर्थ प्रत्येक वेळी काहीतरी मोडले होते. मात्र २००९ पूर्वीच्या दिमापूरची आठवण असणारा माणूस, भरबाजारात भावाभावांत गोळ्या चालत नाहीत एवढ्यानेही देवाचे उपकार मानतो.

मात्र एवढ्यावर मंडळीने समाधान मानावे असे नाही. दिमापूरच्या एका दुकानदाराने, जो स्वतः मंडळीचा डीकन आहे, मला काउंटरखालचा डबा काढून भूमिगत गटांच्या निरनिराळ्या 'सरकारां'च्या कराच्या पावत्या दाखवल्या, शिक्क्यांसह, व्यवस्थित टाचून ठेवलेल्या. त्यातल्या एका पावतीवर सही करणारा मुलगा पूर्वी त्याच्याच मंडळीच्या गायनवृंदात होता. या वसुलीविरुद्ध २०१३ पासून दिमापुरात लोकांनी उघड आंदोलन केले. मंडळ्यांनी त्यात भाग घेतला पण, माझ्या मते, हात राखून. कारण वसुलीच्या पैशातून नवस फेडल्यासारखे मोठे दान चर्चच्या इमारतींनाही येत असावे, अशी शंका तेथील विश्वासणारेच बोलून दाखवतात. समेटाच्या टेबलाशी बसणाऱ्या मंडळीने दानपेटीतही डोकावून पाहिले पाहिजे, असे त्या दुकानदाराचे म्हणणे होते, आणि मला त्यात खोडून काढण्यासारखे काही सापडले नाही.

आणि मग ओटिंग. ४ डिसेंबर २०२१ च्या संध्याकाळी मोन जिल्ह्यात, तिरू येथील कोळशाच्या खाणीतून शनिवारी घरी परतणाऱ्या कोन्याक कामगारांच्या पिकअप गाडीवर लष्कराच्या तुकडीने बंडखोर समजून गोळीबार केला. सहा जण तेथेच गेले. त्यानंतरच्या संतापात आणि गोळीबारात आणखी माणसे मेली आणि एक जवानही मारला गेला. रविवारच्या उपासनेसाठी घरी निघालेली माणसे होती ती. नाताळाचा महिना असल्याने गावागावांत तारे आणि दिवे लागले होते. राज्यभर शोक पाळला गेला, प्रार्थनासभा झाल्या, राज्याचा वार्षिक हॉर्नबिल महोत्सव थांबवला गेला. परंतु ओटिंगच्या लोकांनी तेथेच एक गोष्ट केली जी मला त्या साऱ्या प्रार्थनासभांहून अधिक बोलकी वाटते: दोषींवर कारवाई होईपर्यंत आणि विशेष अधिकारांचा कायदा हटेपर्यंत भरपाईची रक्कम घेणार नाही, असे ग्रामसभेने कळवले. राज्य पोलिसांच्या तपासात लष्कराच्या तीस जणांवर आरोपपत्र ठेवले गेले. केंद्राने खटल्याला मंजुरी नाकारली. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मंजुरी मिळाल्यास खटला चालवण्याची मुभा ठेवून, ती कार्यवाही बंद केली.

समेटाचे काम करणाऱ्या नागा पाळकांपुढे आता ही अडचण आहे. गटागटांतल्या वैरात दोन्ही बाजू एकाच प्रभूचे नाव घेत होत्या, त्यामुळे क्षमेच्या भाषेत बोलता आले, रडता आले, सह्या करता आल्या. सरकारशी त्या भाषेत बोलता येत नाही. सरकार क्षमा मागत नाही, ते मंजुरी देते किंवा नाकारते. ज्या कोन्याक आईचा मुलगा त्या गाडीत होता तिला क्षमा करण्यास सांगण्यापूर्वी तिच्या वतीने न्याय मागणे हे मंडळीचे पहिले काम आहे, असे मला वाटते. आणि नागा मंडळ्या ते करीत आहेत, हा कायदा मागे घ्या म्हणून त्या उघडपणे सांगत आहेत. यात त्यांना उरलेल्या भारतातील मंडळ्यांची साथ किती मिळाली? आमच्या मंडळीपुरते सांगायचे तर त्या रविवारी ओटिंगचे नावही निघाले नव्हते. यंदा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत ओटिंग हे गाव नावाने घ्यावे आणि त्याचबरोबर खासदारांना पाठवायच्या पत्रावर उपासनेनंतर सह्या घ्याव्यात, असा विषय मी पंच कमिटीपुढे लेखी दिला आहे. पाळकसाहेबांची पत्राला हरकत नाही. कमिटीतील दोघांची आहे. पुढची बैठक महिनाअखेरीस आहे, आणि हवालदार काका तिला येणार आहेत.